यादिएर मोलिना: कॅचरला मोजायचं कसं?

मिसिसिपीकाठी

बेसबॉलमधल्या सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा कॅचर यादिएर मोलिना २०२२ च्या हंगामानंतर निवृत्त झाला. नियमाप्रमाणे पाच वर्षं थांबल्यावर २०२८ च्या मतदानात त्याचं नाव हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या सर्वोच्च मानासाठी) येईल. पहिल्याच वर्षी त्याला निवडावं का, यावर इथे आत्तापासून वाद सुरू आहेत. माझं मत: निवडावं, आणि त्याची बॅट बघून नव्हे. कॅचरचं मोठेपण बॅटिंगच्या आकड्यांत शोधणं मला मुळातच पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी आधी थोडं. मैदानावरच्या नऊ जणांपैकी आठ जण होम प्लेटकडे (बॅटर उभा असतो त्या जागेकडे) तोंड करून उभे असतात. कॅचर एकटा उलट बाजूला बसतो, त्यामुळे अख्खं मैदान समोर दिसणारा तोच. पुढचा चेंडू कुठला आणि कुठे, हे पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, तो खुणेनं सुचवतो. एका सामन्यात असे दीडशेच्या आसपास चेंडू. मधेच जमिनीवर आपटलेला चेंडू छातीवर घेऊन थांबवायचा. पहिल्या बेसवरचा (धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावरचा) खेळाडू दुसरा बेस चोरायला, म्हणजे हिट नसतानाच तिथे पोचायला, पळाला की उठता उठता १२७ फुटांवर फेक करायची. हातमोज्यात चेंडू आल्यापासून दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत दोन सेकंदांच्या वर वेळ गेला तर पळणारा बहुतेक वाचतोच. हे सगळं उकिडवं बसून, १६२ सामन्यांच्या हंगामात.

मोलिनाचा जन्म १३ जुलै १९८२ चा, प्वेर्तो रिकोतल्या बायामोनचा. वडील बेंहामिन हे तिथल्या हौशी बेसबॉलमधले नावाजलेले खेळाडू. दिवसा कारखान्यात काम आणि संध्याकाळी घराजवळच्या मैदानावर मुलांना शिकवणं, असं त्यांचं आयुष्य. बेंजी, होसे आणि यादिएर हे तिघे मुलगे मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत) पोचले, तिघेही कॅचर म्हणून, आणि तिघांकडेही वर्ल्ड सिरीजची, म्हणजे हंगामाच्या अंतिम विजेतेपदाची, अंगठी आहे. २००८ मध्ये वडील मैदानावरच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच यादिएरला पहिला गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळाला. पुढे असे एकूण नऊ मिळाले.

कार्डिनल्सनी २००० च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) त्याला चौथ्या फेरीत घेतलं. ३ जून २००४ ला तो पहिला सामना खेळला. तेव्हा संघाचा मुख्य कॅचर होता माइक मॅथेनी, स्वतः गोल्ड ग्लव्हवाला. हंगाम संपल्यावर मॅथेनी सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि बावीस वर्षांच्या मोलिनाकडे जागा आली. ती त्याच्याकडे २०२२ पर्यंत राहिली. पुढे २०१२ मध्ये तोच मॅथेनी कार्डिनल्सचा मॅनेजर म्हणून परत आला आणि आपल्या जागी आलेल्या पोराला सहाएक वर्षं रोज लाइनअपमध्ये (खेळणाऱ्यांच्या यादीत) लिहीत राहिला.

१९ हंगाम, एकच संघ. एका संघासाठी कॅचर म्हणून त्याच्याइतके सामने इतिहासात दुसरं कुणीच खेळलेलं नाही.

शिया_स्टेडियम

मी न्यूयॉर्कचा, मेट्स संघाचा चाहता. १९ ऑक्टोबर २००६ ची तारीख अजून टोचते.

नॅशनल लीगच्या (मेजर लीगमधल्या दोन लीगांपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) अंतिम फेरीचा सातवा, निर्णायक सामना, आम्ही विरुद्ध कार्डिनल्स, १-१ बरोबरी. सहाव्या इनिंगमध्ये आमच्या एंडी चावेझनं भिंतीच्या वर हात घालून स्कॉट रोलेनचा होम रन (भिंतीपलीकडे जाणारा फटका) हिसकावला होता, त्यामुळे आम्हाला वाटलं की आता सामना आपलाच. नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगमध्ये रोलेन बेसवर, बॅट मोलिनाच्या हातात. त्या हंगामात त्याची सरासरी ०.२१६ होती, म्हणजे शंभर वेळा बॅटिंगला आला तर साधारण बावीसदा हिट. नियमित खेळणाऱ्यांमधल्या सगळ्यात दुबळ्या बॅटरांपैकी एक. त्यानं एरन हाइलमनचा चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे टाकला. ३-१.

त्यानंतर आमचे तिन्ही बेस भरलेले, दोन बाद, आणि समोर कार्लोस बेल्ट्रान. त्या वर्षी ४१ होम रन मारलेला. माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) ॲडम वेनराइट नावाचा नवखा पोरगा. मोलिना माउंडवर जाऊन त्याच्याशी बोलून आला. पहिला चेंडू चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला), बेल्ट्रान बघत राहिला. दुसरा कर्व्ह (वळणारा चेंडू), फाउल (बॅटला लागून हद्दीबाहेर). तिसरा पुन्हा कर्व्ह, आणि बेल्ट्रानची बॅट खांद्यावरून हललीच नाही, तिसरा स्ट्राइक (तीन झाले की बाद). संपलं.

लोक होम रनबद्दल बोलतात. मी त्या पहिल्या चेंजअपबद्दल बोलतो. तिन्ही बेस भरलेले असताना नवख्या पिचरकडून हळू चेंडू मागायचा, आणि त्यानं तो निःशंकपणे टाकायचा. मोलिना तेव्हा स्वतः चोवीस वर्षांचा होता.

गोठणकर

लेख आवडला. मी क्रिकेटवाला. हे तर विकेटकीपरचंच काम झालं की. आमचे आजोबा नरेन ताम्हाण्यांच्या यष्टिरक्षणाबद्दल तासन् तास बोलायचे. बॅटिंग बेताचीच, पण स्टंपमागे हात असे की फलंदाजाला क्रीज सोडायची हिंमत व्हायची नाही. मग कॅचर वेगळा कसा?

मिसिसिपीकाठी

@गोठणकर, तुमच्या आजोबांनी ज्या नजरेनं ताम्हाण्यांना पाहिलं, त्याच नजरेनं मोलिनाला पाहावं असं माझं म्हणणं आहे. दोन गोष्टींत मात्र फरक आहे.

एक म्हणजे क्रिकेटमध्ये कुठला चेंडू टाकायचा हे गोलंदाज आणि कर्णधार ठरवतात. इथे प्रस्ताव कॅचरचा असतो. पिचर मान हलवून नाही म्हणू शकतो, पण मोलिनाला नाही म्हणणारे फार थोडे होते. विरुद्ध संघातल्या प्रत्येक बॅटरनं मागच्या वेळी कशाला बॅट घातली, कुठला चेंडू सोडला, आत्ता पाय कुठे ठेवलेत, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं.

दुसरं म्हणजे अंपायर कॅचरच्या मागे उभा असतो. कडेवरचा चेंडू कॅचर कसा झेलतो यावर तो स्ट्राइक (टप्प्यातला) की बॉल (टप्प्याबाहेरचा) हे बरेचदा ठरतं. हात न हलवता, मनगट शांत ठेवून चेंडू घेणं, यालाच फ्रेमिंग म्हणतात. एका चेंडूचा फरक छोटा वाटतो, पण हंगामभरात असे हजारो चेंडू येतात.

आणि त्याची फेक. बेस चोरायला निघालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांना त्यानं कारकिर्दीत बाद केलं. त्याच्या काळातली लीगची सरासरी तिशीच्या आत होती. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पुष्कळ जण पळालेच नाहीत. कार्डिनल्सच्या बुश स्टेडियममध्ये बसून बघताना हे फार जाणवायचं. समोरच्या संघातला वेगवान खेळाडू पहिल्या बेसवर आला, तरी बेसला चिकटून उभा. चार पावलं जास्त पुढे गेला की मोलिना गुडघ्यावरूनच पहिल्या बेसवर फेक करणार, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिथे झेलायला आल्बर्ट पुहोल्स असायचा.

आकडेमोड

धागा वाचनीय आहे, पण विरोधी मत मांडते.

हॉल ऑफ फेमला ७५ टक्के मतं लागतात. पहिल्याच वर्षी निवडून आलेले कॅचर तीनच: जॉनी बेंच १९८९, इव्हान रॉड्रिगेझ २०१७ आणि जो मावर २०२४. दहा वर्ल्ड सिरीज जिंकलेला योगी बेरासुद्धा पहिल्या वर्षी राहिला. कार्लटन फिस्कला दुसऱ्या वर्षापर्यंत, माइक पियाझाला चौथ्या वर्षापर्यंत आणि गॅरी कार्टरला सहाव्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. मोलिना यांच्या पुढे बसतो का?

कारकिर्दीची सरासरी ०.२७७, होम रन १७६. १९ हंगामांत एकूण बॅटिंग लीगच्या सरासरीपेक्षा किंचित खालीच. मावरनं कॅचर असताना अमेरिकन लीगचं बॅटिंगचं विजेतेपद (सर्वाधिक सरासरीचं) तीनदा मिळवलं, त्याआधी त्या लीगमध्ये हे एकाही कॅचरला जमलं नव्हतं. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या साइटच्या हिशेबात मोलिनाचं वॉर, म्हणजे बदली खेळाडूच्या तुलनेत मिळवून दिलेले विजय, ४२ च्या आसपास आहे. पहिल्याच वर्षी निवडून येणाऱ्या माणसासाठी हे कमी आहे.

"पिचर त्याच्यावर विश्वास ठेवायचे" हे मी नाकारत नाही. पण ज्या गोष्टीचं मोजमाप नाही तिच्या नावावर वाटेल तेवढं श्रेय देता येतं. उद्या प्रत्येक लाडक्या कॅचरचा चाहता हेच म्हणेल.

मिसिसिपीकाठी

आकडेमोडताई, तुमचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

तुम्ही सांगितलेल्या ४२ मध्ये फ्रेमिंग धरलेलंच नाही. फॅनग्राफ्स या दुसऱ्या साइटच्या हिशेबात ते धरलंय आणि तिथे आकडा ५५ च्या आसपास जातो. एकाच माणसाच्या एकाच कारकिर्दीत तेरा विजयांचा फरक, आणि तो कशामुळे, तर कॅचरच्या एका कामाचा हिशेब एकानं केला आणि दुसऱ्यानं केला नाही. मी म्हणतो ते हेच.

त्याच्या भावाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. होसे मोलिना कारकीर्दभर बहुतांश राखीव कॅचर, बॅट अगदीच कमजोर, पळण्यात तर मंदच. २००८ च्या सुमारास प्रत्येक चेंडूची नोंद करणारे कॅमेरे सगळ्या मैदानांवर आले आणि २०११ पर्यंत अभ्यासकांनी फ्रेमिंगचा हिशेब मांडला, तर होसे सगळ्यात वरच्यांमध्ये. मग टँपा बे संघानं त्याला २०१२ साठी घेतलं आणि सदतिसाव्या वर्षी तो आयुष्यात पहिल्यांदा शंभराहून जास्त सामने खेळला. त्याआधीची बारा वर्षं तो हेच काम करत होता, मोजत कुणी नव्हतं एवढंच.

आणि यादिएरची बॅट कायम ०.२१६ ची राहिली नाही. २०१२ मध्ये ०.३१५ आणि २२ होम रन, एमव्हीपीच्या (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या) मतदानात चौथा. २०१३ मध्ये ०.३१९, ४४ डबल्स (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे हिट्स), मतदानात तिसरा. हळूहळू शिकत गेला. निवृत्त होताना २,१६८ हिट्स होत्या.

बे_एरियावाला

कॅचरच्या चर्चेत सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बस्टर पोझी हवाच. त्याचा संबंध मोलिना घराण्याशी थेट आहे. २०१० मध्ये जायंट्सचा कॅचर होता थोरला भाऊ बेंजी. पोझीसाठी जागा करायला त्याला जुलैच्या सुरुवातीला टेक्सास रेंजर्सकडे धाडलं. आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज नेमकी जायंट्स विरुद्ध रेंजर्स! जिंकला पोझी.

पुढच्याच वर्षी, २५ मे २०११ ला, होम प्लेटवर धावत आलेल्या स्कॉट कझिन्सनं पोझीला धडक दिली. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे लिगामेंट फाटले, हंगाम संपला. तेव्हा अशी धडक नियमात बसत होती. २०१४ पासून नियम बदलला: कॅचरनं चेंडू हातात नसताना वाट अडवायची नाही आणि धावणाऱ्यानं मुद्दाम अंगावर यायचं नाही.

पोझी परत आला, २०१२ ला बॅटिंगचं विजेतेपद आणि एमव्हीपी, एकूण तीन वर्ल्ड सिरीज, आणि २०२१ ला ०.३०४ ची सरासरी असताना, चौतिसाव्या वर्षी निवृत्त. मावरला २०१३ मध्ये डोक्याला मार लागला आणि पुढच्या वर्षापासून तो पहिल्या बेसवर गेला, परत कधीच नियमित कॅचर झाला नाही. या दोघांशी तुलना केली की मोलिनाचं चाळिशीपर्यंत त्याच जागी बसणं किती दुर्मीळ आहे ते कळतं. मला पोझी जास्त आवडतो, तरी हे मान्यच.

जर्सीची_आई

मी खेळातली जाणकार नाही. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिला कॅचर केलंय आणि ती खूश आहे. तुमची चर्चा वाचून मला काळजीच वाटायला लागली. डोक्याला मार, मोडलेले पाय... तिला दुसरी जागा मागायला सांगू का?

शिया_स्टेडियम

ताई, घाबरू नका. धडकेचा प्रकार मुलांच्या खेळात चालत नाही. साधन मात्र नीट मापाचं घ्या, मोठ्या भावंडाचं वापरलेलं नको. मास्क, छातीचं कवच, नडग्यांचं कवच, गळ्याखालचा भाग झाकला जातोय का ते बघा. हल्लीचा हॉकीच्या गोलकीपरसारखा मास्क १९९६ मध्ये टोरांटोच्या चार्ली ओब्रायननं पहिल्यांदा मेजर लीगमध्ये घातला. त्याआधी टोपी उलटी घालून वर जाळी बांधायचे.

जमिनीवर आपटलेला चेंडू ती झेलायला जाते का ते प्रशिक्षकांना विचारा. झेलायचा नसतो, अडवायचा असतो: दोन्ही गुडघे खाली, हातमोजा मधल्या फटीत, हनुवटी छातीला टेकवलेली, आणि तोंड फिरवायचं नाही. तोंड फिरवलं की कवच नसलेली बाजू पुढे येते.

मिसिसिपीकाठी

शियाभाऊंनी नेमकं सांगितलं. त्यात भर: संघात आणखी एक कॅचर तयार करायला सांगा, म्हणजे सगळ्या इनिंग तिच्यावर पडणार नाहीत. मुलांच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये चार किंवा जास्त इनिंग कॅचर राहिलेल्या खेळाडूला त्याच दिवशी पिचिंग करू देत नाहीत, खांद्याच्या काळजीनं. आणि डोक्याला चेंडू लागला, तर ती "मी ठीक आहे" म्हणाली तरी त्या दिवशी खेळ थांबवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. मोलिनाच्या आधीचा तो मॅथेनी, त्याची कारकीर्द याच मारांनी संपली. मास्कवर बसलेल्या फाउल चेंडूंचे मार साचत गेले आणि २००६ च्या हंगामानंतर त्याला खेळणं सोडावं लागलं. मेजर लीगनं मेंदूला मार बसलेल्या खेळाडूंसाठी सात दिवसांची वेगळी दुखापतींची यादी २०११ मध्ये सुरू केली.

मोलिनालाही मार चुकला नाही. २०१४ ला अंगठ्याचा लिगामेंट फाटला. मे २०१८ मध्ये जॉर्डन हिक्सच्या १०२ मैल वेगाच्या चेंडूला क्रिस ब्रायंटच्या बॅटची कड लागली आणि तो जांघेत बसला. त्याच रात्री शस्त्रक्रिया, महिन्याभरात परत मैदानावर, आणि त्या वर्षी पुन्हा गोल्ड ग्लव्ह.

मुलीला खेळू द्या. खेळ सगळ्यात चांगला समजतो तो याच जागेवरून.

जर्सीची_आई

खूप आभार. शनिवारी आधी मास्कचं माप बघते.

जुनी_पानं

कॅचरचा धागा आणि जॉश गिब्सनचं नाव नाही, म्हणून लिहितो. कृष्णवर्णीय म्हणून मेजर लीगचे दरवाजे बंद होते, त्यामुळे आयुष्यभर कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीग्जमध्ये खेळला. २० जानेवारी १९४७ ला पस्तिसाव्या वर्षी गेला. तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सननं मेजर लीगमध्ये उतरून ती भिंत पाडली. २०२४ मध्ये निग्रो लीग्जचे आकडे मेजर लीगच्या नोंदींत धरले गेले आणि कारकिर्दीच्या सरासरीत गिब्सन ०.३७२ सह पहिला आला, तोवर पहिला असलेल्या टाय कॉबच्याही वर. सगळ्यात वरचं नाव एका कॅचरचं आहे.

आकड्यांत काय धरायचं आणि कुणाचं धरायचं, हे माणसंच ठरवतात. आकडेमोडताईंच्या मुद्द्याला हेही जोडून बघावं.

आकडेमोड

जुनी_पानं, तुमचा प्रतिसाद फार आवडला. गिब्सनबद्दल स्वतंत्र धागा काढाच.

मिसिसिपीकाठी, फ्रेमिंग मी मानते. ते मोजता येतं म्हणूनच मानते. माझा आक्षेप आहे तो पिचरच्या विश्वासाचं श्रेय देण्यावर. याचा एक तरी बाहेरून तपासता येणारा पुरावा द्या.

मिसिसिपीकाठी

देतो. मोलिना गेल्यावर काय झालं ते बघा.

डिसेंबर २०२२ मध्ये कार्डिनल्सनी विल्सन काँट्रेरासला पाच वर्षांसाठी ८.७५ कोटी डॉलर देऊन आणलं. तीनदा ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड), बॅट मोलिनापेक्षा कितीतरी दमदार. हंगाम सुरू होऊन जेमतेम सव्वा महिना झाला आणि मे २०२३ मध्ये संघानं त्याला कॅचरच्या जागेवरून काढून नुसतं बॅटिंगला लावलं. कारण दिलं ते पिचरांशी जुळवून घेण्याचं. आठवड्याभरानं परत बसवलं, पण तो हंगाम ७१ विजय, ९१ पराभव असा संपला. गटात शेवटचा क्रमांक, १९९० नंतर पहिल्यांदा. २०२५ ला काँट्रेरास पहिल्या बेसवर गेला. तो वाईट खेळाडू नाही, मेहनती आहे, आणि त्याच्यावर झालेला अन्याय मला तेव्हाही बोचला होता. पण १९ वर्षं एकाच माणसाच्या खुणा वाचायची सवय लागलेल्या संघाला दुसरा माणूस किती परका वाटतो, हे सगळ्यांनी पाहिलं.

दुसरा पुरावा वेनराइट. तोच, बेल्ट्रानला कर्व्ह टाकणारा पोरगा. पिचर आणि कॅचर म्हणून एकत्र सुरुवात केलेले सर्वाधिक सामने, हा विक्रम डेट्रॉइटच्या मिकी लोलिच आणि बिल फ्रीहन यांच्या नावावर होता, ३२४. १४ सप्टेंबर २०२२ ला वेनराइट-मोलिना जोडीनं तो मोडला आणि ३२८ वर थांबले. पुढच्या वर्षी मोलिनाशिवाय वेनराइटचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, कमी तितक्या चांगल्या) ७.४० झाला.

आकडेमोड

वेनराइट तेव्हा ४१ वर्षांचा होता! आणि २०२३ ला कार्डिनल्सची पिचिंग मुळातच कमजोर होती. याचं सगळं खापर कॅचर बदलण्यावर फोडता येणार नाही.

काँट्रेरासचं उदाहरण मात्र वजनदार आहे. एवढा पैसा ओतलेल्या माणसाला मे महिन्यात जागेवरून उठवतात, म्हणजे संघाच्या आतल्या लोकांना काहीतरी दिसत होतं. माझं मत थोडं सरकलं: हॉल ऑफ फेम नक्की. पहिल्या वर्षी? अजून नाही.

बे_एरियावाला

२०२६ पासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देण्याचा नियम आलाय. पिचर, कॅचर किंवा बॅटर, तिघांपैकी कुणीही, पण चुकलेली आव्हानं दोन झाली की हक्क संपला. फ्रेमिंगची किंमत त्यामुळे घटणार, नाही का?

मिसिसिपीकाठी

घटेल, पण शून्य होणार नाही. सामन्यातले बहुतेक चेंडू आव्हानाशिवायच जाणार. आणि उरलेलं आव्हान तिसऱ्या इनिंगमध्ये खर्च करायचं की नवव्यासाठी राखायचं, हे ठरवायला प्लेटमागे बसलेल्या माणसाइतका जवळून चेंडू दुसरं कोण पाहतं? कॅचरच्या कामात एका निर्णयाची भरच पडली.

एक राहिलं. २०१७ च्या मारिया वादळानं प्वेर्तो रिको उद्ध्वस्त झाल्यावर मोलिनानं मदत उभी केली, आणि २०१८ चा रोबेर्तो क्लेमेंते पुरस्कार (समाजकार्यासाठीचा) त्याला मिळाला. क्लेमेंते हा खेळाडूही प्वेर्तो रिकोचाच, १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेलेला. माझ्या ओळखीचे इथले प्वेर्तो रिकन लोक मोलिनाच्या गोल्ड ग्लव्हच्या आधी या पुरस्काराचं नाव घेतात.

गोठणकर

या ऑक्टोबरात पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज बघणार आहे. फक्त कॅचरकडे लक्ष ठेवून बघायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

मिसिसिपीकाठी

चेंडू पडायच्या आधी हातमोजा कुठे धरलाय ते बघा, आणि चेंडू आल्यावर तो किती हलला ते बघा. पहिल्या दोन इनिंग एवढंच. तिसरीपासून, बेसवर कुणी असेल तेव्हा, त्याच्या पायांची ठेवण बदलते का ते पाहा.